रुई किती, सरकी किती

साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात स्वतःच्या देहाचा उतारा काढत बसलेला माणूस एकच झाला आणि तो नेमका माझा मामेसासरा निघाला. उतारा म्हणजे काय हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. कापूस जिनाच्या यंत्रात घातला की रुई एकीकडे पडते आणि सरकी, म्हणजे बी, दुसरीकडे. मणभर कापसातून रुई किती निघाली, तो त्या कापसाचा उतारा. आमचे मामा अमरावतीच्या एका जिनात रुईचे पारखी होते. घराणं वकिलांचं, आजोबा वकील, वडील वकील, दोन्ही थोरले भाऊ वकील. हे एकटे मॅट्रिकला दोनदा आपटले आणि कापसात शिरले. पण ज्या घराण्यात सगळ्यांची जीभ चालायची, तिथे यांची बोटं चालायची. चिमूटभर रुई अंगठा आणि तर्जनीत धरून, जराशी ओढून, धागा लांब की आखूड, माल यंदाचा की मागचा आणि वलगावचा की चांदूरचा, हे ते डोळे मिटून सांगत. आपल्या बोटांइतका विश्वास त्यांचा जगात कशावर नव्हता, आणि मामींवरही नसावा असं मामींचं म्हणणं होतं.

देह म्हणाल तर अवाढव्य. माझ्या लग्नात जावयाला आलिंगन देण्याची वेळ आली तेव्हा मी त्यांच्यात अर्धा दिसेनासा झालो होतो, आणि माझ्या आईला वाटलं की आपला मुलगा आता सासरचाच झाला. पण या देहामागे एक काळजी होती, आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी बोलून दाखवत नसे. मामांचे वडीलही असेच भरदार. ते बावन्नाव्या वर्षी, पंगतीतून हात धुवायला उठले ते तिथेच बसले आणि संपले. मामांना पन्नासावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी छातीला नळी लावून स्पष्ट सांगितलं की हृदयावर चरबीचा भार आहे, ती उतरवा, नाहीतर वडिलांच्याच वाटेनं जाल. त्या दिवसापासून मामांच्या आयुष्यात एकच काम उरलं: बावन्नावं वर्ष ओलांडायचं. दुसरा कुणी असता तर त्यानं मुकाट्यानं जेवण कमी केलं असतं आणि महिन्याकाठी वजन करून घेतलं असतं. मामा पारखी पडले. कापसाच्या माणसाला वजन ही चीज फसवी वाटते, कारण गाडी जड भरावी म्हणून कापसावर पाणी मारणारे महाभाग त्यांनी उभ्या जन्मात शेकड्यांनी पाहिले होते.

"जवाईबुवा," ते मला म्हणाले, "वजनाचं काय घेऊन बसले तुमी? वजनात पाणी असते. एक तांब्या पाणी प्यालो का मी वाढलो, अन् दोन कोस चाललो का उतरलो. त्यानं काय समजते? मले सांगा, रुई किती गेली? डॉक्टर म्हणते चरबी उतरवा. तो वजन उतरवा असं नाही म्हणाला." मी अकोल्याच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो, आणि त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना, याचा मला फार राग आला.

मग त्यांनी मोजायचं हत्यार तयार करवलं. जिनातल्या फिटरकडून एक लोखंडी चिमटा घडवून घेतला. त्याला मोडक्या घड्याळाची स्प्रिंग, म्हणजे दर वेळी तो सारख्याच जोरानं मिटावा, आणि वर पितळेची पट्टी, तिच्यावर रेघा. चामडीची घडी बोटांनी उचलायची, मांस खाली राहिलं पाहिजे, नुसती चरबी वर आली पाहिजे, मग चिमटा लावायचा आणि रेघा वाचायच्या. दंडाची मागची बाजू, बेंबीशेजारी, कमरेवर, मांडीवर आणि पाठीच्या फऱ्याखाली अशा पाच जागा ठरल्या. पाचव्या जागी त्यांचा हात पोचत नसे, त्यामुळे मी अमरावतीला गेलो की ती माझ्या वाट्याला. जावयानं मामेसासऱ्याचा सदरा वर करून पाठ चिमटीत धरायची, यात शिष्टाचार कुठला पाळायचा हे मला कुणीच शिकवलं नव्हतं. शिवाय पारखी माणसाला नमुना लागतो. हलक्या मालाचा नमुना म्हणून त्यांनी मला नेमलं. दर खेपेला आधी माझा दंड चिमटीत धरत, "निव्वळ सरकी" म्हणून सोडून देत आणि मग स्वतःकडे वळत. माझ्या बायकोला याची इतकी मजा वाटायची की तिनं दोन-चार वर्षं मला घरात त्याच नावानं हाक मारली. मी ते विसरलेलो नाही.

घरापुरतं राहतं तर ठीक होतं. चांदूर रेल्वेला एका लग्नात मामा वरपित्याशेजारी पंगतीला बसले. वरपिता मामांच्याच वजनाचा. बोलता बोलता मामांनी त्याचा दंड हातात घेतला, घडी उचलली, दोन बोटांत फिरवली आणि भर पंगतीत म्हणाले, "तुमचा उतारा माझ्यापेक्षा जास्त हाय, जपा." वरपित्याला वाटलं, उतारा म्हणजे आपली मिळकत, आणि हुंड्याची काही बोलणी चालली आहेत. तो घाईघाईनं म्हणाला की जे ठरलं त्याच्या वर आम्ही काही मागत नाही. मुलीच्या बापाला रडू कोसळलं, आणि पुढं कितीतरी वर्षं ते घर मामांना देवमाणूस समजत होतं.

पाण्याच्या हौदाचा प्रयोग मात्र माझ्या मूर्खपणानं झाला. मी सहज बोलून गेलो की वस्तू पाण्यात बुडवली तर सांडलेल्या पाण्यावरून तिचं आकारमान कळतं, आणि चरबी पाण्याहून हलकी असल्यानं त्यावरून काही अंदाज बांधता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातला दगडी हौद काठोकाठ भरलेला, मामा लंगोट लावून उभे, आणि माझ्या हाती तांब्या. ते आत बसले, नाक धरून डोकंही बुडवलं, आणि पाणी चारी बाजूंनी असं काही वाहिलं की तांब्या घेऊन मी कुठे धावावं हेच मला कळेना. मामा फुरफुरत वर आले आणि म्हणाले, "किती?" तेवढ्यात मामी खुरपं घेऊन आल्या होत्या आणि सगळं पाणी त्यांनी मेथीच्या वाफ्यात वळवून घेतलं होतं. "पाणी कुठी गेलं?" मामा ओरडले. "मेथीले गेलं," मामी म्हणाल्या, "तिले तरी कामी आलं." मग चिमट्याशिवाय दुसरं काही वापरायचं नाही असं ठरलं, आणि त्या वर्षी मेथी छान आली.

खाण्याच्या बाबतीत वऱ्हाडात पथ्य पाळणं सोपं नाही. आग्रह नाकारला तर यजमान आजारी पडतो. मामांनी तूप सोडलं, गोड सोडलं, भात सोडला, पण मार्गशीर्षात वलगावच्या एका शेतावर रोडग्यांची पंगत होती आणि तिथं जावंच लागलं. कणकेचा रोडगा भाजला की निखाऱ्यातून काढून फोडतात आणि तुपात बुडवतात. तूप नुसतं वरून घेणारा माणूस तिथे पाहुणा धरला जात नाही. मामांनी खिशातून चिमटा काढला, सदरा वर केला, सगळ्यांसमोर बेंबीशेजारी लावला आणि यजमानाला रेघा दाखवल्या. "चौदा," ते म्हणाले, "आता तूच सांग, वाढतं का?" यजमानानं तुपाची कासंडी खाली ठेवली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर त्या गावात मामांना कुणी आग्रह केला नाही, आणि याचंही त्यांना मनातून वाईट वाटायचं.

इतकं असूनही तराजू त्यांना पुरता सोडता आला नाही. एकूण माल किती हे कळल्याशिवाय उतारा निघत नाही, हे त्यांच्या धंद्याचं गणित. म्हणून दिवाळीनंतर जिन सुरू झालं तसं दर बाजारच्या दिवशी जिनातल्या मोठ्या तराजूत बसायचं ठरलं. पहिल्या दिवशी ते टांग्यानं गेले आणि वजन भरलं दोन मण पंचवीस शेर. त्यानंतर व्यायाम म्हणून त्यांनी टांगा सोडला. आधी घरापासून जिनापर्यंत चालत, मग शहराला वळसा घालून, मग वलगावच्या रस्त्यानं कोसभर जाऊन परत. पारशी कोट, पागोटं, हातात काठी. पारखी माणसानं जिनात कोटाशिवाय जायचं नाही हा त्यांचा बाणा. आणि वजन खरोखर उतरू लागलं. पौषात उतरलं, माघात आणखी उतरलं, ऊन तापू लागलं तसं झपाट्यानं उतरू लागलं. अकोल्याला मला पत्रं येत, त्यांत फक्त आकडे असत. मी आनंदानं बायकोला वाचून दाखवी.

होळीला मी अमरावतीला गेलो. मामांचा चेहरा उतरला होता. मामी स्वयंपाकघरात गेल्याची खात्री करून त्यांनी मला मागच्या ओसरीवर नेलं आणि वही उघडून समोर ठेवली. एका बाजूला वजन: दोन मण पंचवीसपासून दोन मण दहापर्यंत, पंधरा शेर खाली. दुसऱ्या बाजूला चिमट्याचे आकडे: दिवाळीला दंड सात, पोट चौदा, कंबर बारा. आजही तेच होते. पोटाचा आकडा एवढा चौदाचा तेरा झाला होता.

"समजलं का काही?" त्यांनी विचारलं. मला समजलं होतं. पण सांगितलं त्यांनीच. "माल पंधरा शेर कमी झाला अन् रुई तितकीच हाय. मंग गेलं काय? सरकी गेली, जवाईबुवा. मांस जाऊन राहिलं. आतून काहीतरी खाऊन राहिलं मले."

मी म्हटलं, "मामा, पण तुमचा कोट तर सैल झालेला नाही."

"सूज असन," ते म्हणाले.

मग त्यांनी मामींचं काय करायचं ते सांगायला सुरुवात केली. माझ्या हातून मामींना अंतर पडू देऊ नये, त्यांना एकटं या घरात ठेवू नये, अकोल्याला न्यावं, त्यांना पहाटे चहा लागतो तो कुणी करून द्यावा. "थे बोलते लय, पण तुमी मनावर घेऊ नका," असंही म्हणाले. बावन्नाव्याला अजून वर्षाच्या वर अवकाश होता. "बापानं तरी बावन्न पाहिलं," मामा म्हणाले, "मले थेही दिसत नाही." एवढा मोठा माणूस इतक्या लहान आवाजात बोलताना मी तोवर ऐकला नव्हता. मला रडू आलं आणि ते लपवायला मी वहीत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी म्हटलं, मीही येतो. वलगावच्या रस्त्यानं वळसा घालून आम्ही जिनात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि मामांचा कोट पाठीवर काळाभोर भिजला होता. जिनातला तराजू म्हणजे आडव्या तुळईला साखळ्यांनी टांगलेली दोन पारडी, प्रत्येकावर चार माणसं बसावीत एवढी. मापारी म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, तीस वर्षं त्याच काट्यावर काढलेला. त्यानं मामांना रामराम घातला आणि मोठ्या प्रेमानं त्यांच्या पाठीवर पंजा ठेवून दाबला. मला त्याचं फार कौतुक वाटलं. मामा पारड्यात बसले, दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या आणि डोळे मिटून घेतले. दर वेळी असेच मिटत असणार. मापाऱ्यानं दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली, काटा सरळ झाला, आणि तो खड्या आवाजात ओरडला, "दोन मन दाऽऽहा!"

मामांनी डोळे न उघडता मान हलवली. मी शास्त्राचा मास्तर. सवयीनं दुसऱ्या पारड्याकडे पाहिलं. मणाची दोन वजनं, एक वीस शेरी आणि शेराची दोन. मी पुन्हा मोजली. मग मापाऱ्याला म्हटलं, "बाबा, हे तर दोन मण बावीस दिसतंय."

"बावीसच हाय," तो म्हणाला.

"मग दहा का म्हणालात?"

"कडता वजा केला न, मास्तर." शाळेतल्या पोराला समजावावं तसं तो मला समजावू लागला. "माल वल्ला हाय. हात लावून पाहा साह्यबाच्या पाठीले. वल्ल्या मालातून पान्याचे शेर कापा लागते. आज मनामागं पाच, अन् वरच्या बावीस शेराचे दोन. दिवाळीच्या वक्ती साह्यब टांग्यातून आले, सुके होते, कडता घेतला नाही. मंग पायी येऊ लागले. जसजसा माल वल्ला, तसतसा कडता. आपल्या काट्यावर पाटील असो का साह्यब असो, हिसाब एकच."

मामांनी डोळे उघडले. पारड्यात बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, "दर बाजाराले घेऊन राहिला तू कडता?"

"दर बाजाराले," मापारी अभिमानानं म्हणाला. "तुमीच शिकवलं न साह्यब, पान्याचं वजन धरू नोको म्हनून."

कोट काढला, सदरा काढला, गोणपाटानं मामांना खसाखसा पुसलं आणि सावलीत घटकाभर बसवून, वाळलेले कपडे मांडीवर देऊन, पुन्हा तराजूत घातलं. दोन मण बावीस. फरक फार तर पावशेराचा. चार महिन्यांत मामा तीन शेर उतरले होते, आणि चिमट्यानं पोटाची एक रेघ कमी दाखवली होती तिचा हिशेब बरोबर तेवढाच होता. बोटं बरोबर होती. जन्मभर वजनावर अविश्वास दाखवणारा माणूस, उतरणारं वजन कानाला गोड लागलं म्हणून एकदाच त्याच्यावर विश्वासला होता आणि फसला होता.

"जवाईबुवा," ते उघड्या अंगानं पारड्यात बसून म्हणाले, "म्हंजे मी हाय तितकाच हाय?"

"जवळजवळ तितकेच आहात, मामा."

"सरकी जाग्यावर हाय?"

"सगळी जागच्या जागी आहे."

मग ते हसायला लागले. साखळ्या हलू लागल्या, तुळई करकरली, मापारी घाबरून पारडं धरायला धावला, आणि मामा हसता हसता रडत होते. मीही रडत होतो. आम्ही दोघं जाडी कमी झाली नाही म्हणून रडतोय, हे तिथल्या हमालांना काही उमगलं नाही. परतताना मामांनी टांगा केला.

घरी मामींना सांगितलं तेव्हा त्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाल्या, "मले का वाचता येत नाही, जवाईबुवा? वही रोज पाहत होती मी. सहा सोमवार पाण्याचा थेंब नाही घेतला. देवाले म्हटलं, यांचं वजन थांबव बापा, हाय तितकं राहू दे." आणि मामांकडे वळून, "तुमी घाबरले तं मले काहून नाही सांगतलं?" मामांनी मामींच्या शेजारी जमिनीवर बसून घेतलं. त्या दिवशी त्या दोघांनी मिळून जेवण केलं, आणि मामींनी भाकरीवर लावलेलं बोटभर तूप मामांनी मुकाट्यानं खाल्लं.

त्यानंतर मामा खरोखर उतरले, पण सावकाश. महिन्याला एखादी रेघ, कधी तीही नाही. घाम सुकेपर्यंत थांबल्याशिवाय त्यांनी कुठलाही आकडा लिहिला नाही. वर्ष-दीड वर्षात पोट नवावर आलं आणि शिंप्यानं कोट दोनदा आत घेतला. दंड मात्र घट्ट राहिला, म्हणजे गेली ती रुईच. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली आणि बरं आहे म्हणाले.

एके दिवशी सकाळच्या गाडीनं मामा अकोल्याला आले. पत्र नाही, निरोप नाही, एकटेच. दारात उभे राहिले, धोतर नीटनेटकं, कोट नवा. मी घाबरून विचारलं, मामी बऱ्या आहेत ना? "बरी हाय," ते म्हणाले. आत येऊन खुर्चीवर बसले. पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"काल मी माझ्या बापाएवढा झालो," ते म्हणाले. "आज एका दिवसानं मोठा हाय."

मी त्यांच्या पाया पडलो.

"आजवर थो पुढी होता," मामा म्हणाले. "बावन्नपर्यंत कसं राहायचं, कसं बोलायचं, कसं चिडायचं, सारं त्यानं करून दाखवलं. याच्या पुढचं कोणी दाखवलंच नाही मले. सकाळी उठलो अन् समजेना का आता काय करू. म्हणून गाडीत बसलो."

पुढे मामा वीस वर्षं जगले आणि त्यांना सगळं बरं जमलं. पण त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत माझ्या ओसरीवर नुसते बसून होते, नव्या गावात उतरलेल्या माणसासारखे. बायकोनं दोनदा चहा केला. गाडीची वेळ झाली तेव्हा मी त्यांना स्टेशनवर पोचवायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. आणि त्यांची ती दोन जगप्रसिद्ध बोटं त्या वेळी काहीएक मोजत नव्हती.